घाट बंद होते तेव्हा मिठ्या धावला

आमच्या जुन्नर-आंबेगावात घाट म्हणजे डोंगर उतरायचा रस्ता नव्हे, हे बाहेरच्या वाचकांना आधी सांगितलेलं बरं. घाट म्हणजे चढाची मातीची धावपट्टी, दोन्ही अंगांना माणसांची भिंत. चार बैल, रिकामा गाडा आणि पुढे वाट दाखवणारी घोडी. खाली सुटला की वरच्या निशाणापर्यंत बारा-तेरा सेकंदांत सगळं संपतं. या एका धावेला आम्ही बारी म्हणतो. तेवढ्या वेळात गाडामालकाचं नाव, गाव, बैलांची नावं माझ्या तोंडून बाहेर पडली पाहिजेत आणि शेवटचा शब्द बैलांच्या पायांबरोबर निशाणावर पोचला पाहिजे. मी मागे राहिलो तर लोक गाडा सोडून माझ्याकडे बघतात. माईकवाला म्हणून हे काम मी तीसेक वर्षं केलं.

संपादकांनी घाटातल्या गमती लिहायला सांगितल्या होत्या. त्या पुष्कळ आहेत. पण माझ्या कामाचे सगळ्यात धुंद दिवस घाटात गेलेच नाहीत. शर्यतींवर बंदी होती, घाटांत गवत उगवलं होतं, आणि मी मंगल कार्यालयात, भर दुपारी, काळ्यापांढऱ्या सिनेमातल्या राक्षसाची बारी पुकारत होतो, ते हे दिवस.

बंदी आली तेव्हा बैलवाल्यांचं काय होणार यावर सगळे बोलले. माईकवाल्याचं काय, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मी लग्नांत नवऱ्या मुलाच्या मामांची नावं पुकारू लागलो. 'जेवल्याशिवाय कुणी जाऊ नये' हे वाक्य मी बंदीच्या पहिल्या दोन वर्षांत जितक्यांदा म्हटलं, तितक्यांदा स्वतःचं नाव घेतलं नसेल. घरी बोलणं कमी झालं. बायको म्हणायची, "घसा बसलाय का तुमचा?" घसा ठणठणीत होता. घशाला काम नव्हतं.

अशात जुन्नरच्या निसारभाईंचा निरोप आला. निसारभाई म्हणजे बाजारातल्या जुन्या गल्लीतले मंडप आणि स्पीकरवाले. घाटात माझा आवाज त्यांच्याच भोंग्यांतून जायचा, त्यामुळे आमचं नातं जुनं. त्यांच्या गोडाऊनमध्ये गेलो तर ते एका पत्र्याच्या पेटीसमोर मांडी घालून बसले होते. पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यांनी सोळा एमएमचं प्रोजेक्टर आणि रिळांचे गोल डबे उचलून आणले होते.

"अण्णा, चार पिक्चर आहेत," ते म्हणाले. "चारीच्या चारी राक्षसांचे. ब्लॅक अँड व्हाइट."

"कोणत्या भाषेत?"

"तेच तर कळंना. इंग्लिश नाय एवढं नक्की. म्हणून तर तुमाला बोलावलं. मी मशीन चालवतो, तुमी बोला."

"काय बोलू? मला काय कळणार ते काय म्हणतात?"

"बैल काय म्हणतो ते कुटं कळतं तुमाला? तरी बोलताच ना."

मी हो म्हणालो.

धंदा थोडा समजावून सांगतो. एक रीळ पंचवीस-तीस मिनिटं चालतं. ते संपलं की दुसरं चढवायला पाच मिनिटं लागतात, तेवढा वेळ पब्लिक माझ्या ताब्यात. फिल्म जुनी असली की वाळून कडक होते आणि तुटते. मग निसारभाई कात्रीने दोन टोकं छाटून चिकटपट्टीने जोडायचे. मी बोलायला लागलो की एका बटणाने सिनेमाचा आवाज खाली आणायचे, किंकाळी आली की वर. आमच्यात खुणा ठरल्या होत्या. डावा हात वर केला की किंकाळी द्या.

खेळ दुपारीच ठेवावे लागले. आमच्याकडे उसात बिबट्या असतो, हे आता टीव्हीमुळे सगळ्यांना माहीत झालं आहे. दिवस मावळला की वस्तीवरची माणसं बाहेर पडत नाहीत. मग लग्नाची तारीख नसेल त्या दिवशी आम्ही कार्यालय घ्यायचो आणि टोमॅटोच्या वाफ्यावर अंथरतात तो काळा मल्चिंग पेपर खिडक्यांना ठोकायचो. आत मिट्ट काळोख आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास. मला आजही तो वास आला की अंगावर काटा येतो, आनंदाचा.

पहिला खेळ कळंबला लावला. सिनेमा असा होता: मिठाच्या खाणीत खोल कुठेतरी मजुरांना मिठात गाडलेलं एक प्रचंड धूड सापडतं. माणसासारखं, पण दीडपट उंच, आणि अंगभर मिठाचे खडे. त्याला साखळ्यांनी बांधून मालगाडीवरून शहरात आणतात. तिथे ते साखळ्या तोडतं आणि सुटतं, वाटेत एका लहान मुलीला उचलतं. पाण्याची त्याला भीती, कारण पाण्यात ते विरघळणार. बंदुका चालत नाहीत, शेवटी आगीचे बंब आणून त्याच्यावर पाणी मारतात. खरं नाव पडद्यावर असणार, पण ते आम्हाला वाचता येईना. मी माईकवर त्याला 'मिठ्या' म्हणालो, आणि तो मिठ्या झाला.

लोक सिनेमासाठी आले नव्हते, हे कबूल करतो. घाट बंद असलेली माणसं माझा आवाज ऐकायला आली होती. पहिला अर्धा तास मी सावध बोललो. मग मिठ्याने साखळी तोडली आणि मोकळ्या रस्त्याने पुलाच्या दिशेने धाव घेतली. काय झालं मला सांगता येणार नाही. पायांना घाटाची माती लागली असं वाटलं. सुटला, सुटला, मिठ्या सुटला, खाणीचा मिठ्या, पांढऱ्या अंगाचा मिठ्या, डावीकडून पोलीस, उजवीकडून ट्राम, मिठ्या मागं बघत नाय, मिठ्या पुलावर, आणि झाली, झाली, झाली. मिठ्याचा पाय पुलावर आणि माझा शेवटचा शब्द एकदम पडले. उपरणी उडाली. मागून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, सेकंद किती?"

आणि निसारभाई प्रोजेक्टरमागून शांतपणे म्हणाले, "चौदा."

त्यांनी खरंच घड्याळ लावलं होतं. त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला पूर्ण सिनेमा सांगितला, चहा दोनदा गार झाला.

मग गावोगावची बोलावणी सुरू झाली, चारांपैकी मागणी मिठ्यालाच. मंचरकडून, ओतूरकडून, घोडेगावकडून. लोकांना रंगीत राक्षस काही नवे नव्हते, प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये होते. तरी तेच लोक आमचा मिठ्या बघायला चार-चारदा आले. मी विचार करायचो, असं का. मोबाइलमधला राक्षस दात, लाळ, शिरा सगळं दाखवतो, तुमच्यासाठी काहीच शिल्लक ठेवत नाही. मिठ्या अर्धा काळोखात असायचा. एक खांदा उजेडात यायचा, बाकीचा आपण बसल्या जागी बनवायचा. आणि ज्याने त्याने आपापला बनवलेला असल्यामुळे दर वेळी नवा व्हायचा. मंचरचे एक टोमॅटोचे व्यापारी दर खेळाला यायचे आणि खुर्ची उलटी करून, पडद्याकडे पाठ करून बसायचे. विचारलं तर म्हणाले, "मी लोकांची तोंडं बघतो, अण्णा. त्यात मिठ्या जास्त चांगला दिसतो."

लेण्याद्रीजवळच्या एका गावात तर शेवटच्या रिळाआधी प्रोजेक्टरचा दिवाच उडाला. दुसरा दिवा जुन्नरला. काळोखात शंभर-दीडशे माणसं. मी पडद्याशिवाय पुढची पंचवीस मिनिटं सांगितली, पाय आपटून, खुर्ची ओढून, बंबाच्या पाण्याचा आवाज तोंडाने काढून. कुणी उठलं नाही. पुढच्या महिन्यात दिवा घेऊन गेलो आणि खरं रीळ दाखवलं, तर तिथले लोक म्हणाले, मागच्या वेळी जास्त चांगला होता. याचा मला फार गर्व झाला. तो गर्वच पुढे नडला.

ठकूबाई पहिल्यांदा दिसल्या त्या कळंबच्या तिसऱ्या की चौथ्या खेळाला. साठीच्या धनगर बाई. मुलगा कांदा करतो, बाईंनी मात्र तीस-चाळीस मेंढरं ठेवलेली. काठी घेऊन पहिल्या रांगेत बसल्या आणि पूर्ण खेळभर हलल्या नाहीत. संपल्यावर सरळ माझ्याकडे आल्या.

"पावणं, तुमी बोलता लई झ्याक. पर खोटं बोलता."

"खोटं म्हणजे? सिनेमाच आहे बाई."

"ते नर न्हाई. मादी हाय ती."

मी हसलो. निसारभाईही हसले.

"हसताय का? मान बगा तिची. पोर उचललं तवा काय केलं तिनं? हुंगलं. हुंगून खाली ठिवलं. आपलं न्हाई म्हणून ठिवलं. कोकरू हरवलं की मेंढी अशीच करती. हरेक कोकराला हुंगती, सोडून देती. तिचं पिल्लू गावात आणलंय कुणीतरी. ते हुडकतीया ती. आन तुमी म्हणता माणसं खायला आला."

मी म्हणालो, आत कापसाचे बोळे घातलेला एक माणूस आहे, त्याला कसलं पिल्लू. त्या म्हणाल्या, "ते मला बी ठावं हाय. येडी न्हाई मी." आणि जाता जाता आणखी एक सांगून गेल्या. गेल्या हिवाळ्यात बिबट्याने त्यांच्या दोन मेंढ्या नेल्या होत्या. "तवा मी बॅटरी मारली व्हती त्याच्यावर. लोक इचारतात, पिवळा व्हता का, ठिपकं दिसलं का. अंधारात त्याला रंग नसतो, पावणं. ह्या तुमच्या पिक्चरवानीच दिसतो. म्हणून येती मी बगायला."

हे ऐकून मी गप्प बसायला हवं होतं. लोक काळ्यापांढऱ्या मिठ्याला पुन्हा पुन्हा का येतात, याचं दीड-दोन महिने शोधत होतो ते उत्तर त्या बाईंनी उभ्या उभ्या दिलं होतं. पण माईकवाल्याला हशाची चटक लागलेली असते. कळंबच्याच पुढच्या खेळाला, मिठ्या त्या लहान मुलीला उचलतो तिथे, मी बोललो, "मंडळी, आपल्या एक मावशी म्हणतात हा मिठ्या नाही, मिठाबाई आहे. कळपातून चुकलीय. कुणाच्या मेंढरांच्या वाड्यात जागा असेल तर घेऊन जा, मिठाचा खर्च वाचेल." कार्यालय दणाणलं. पडद्याच्या उजेडात मला दिसलं की पहिल्या रांगेतून कुणीतरी उठलं. काठी टेकत, माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ठकूबाई बाहेर गेल्या. दार उघडलं तसा दुपारचा उजेड आत आला, सगळा पडदा पांढरा झाला, आणि दार लागल्यावर मिठ्या परत दिसू लागला. मी बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही.

खेळानंतर निसारभाई रीळ गुंडाळत होते. ते म्हणाले, "अण्णा, चांगलं नाय केलं." एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी जुन्नरला त्यांच्या गोडाऊनमध्ये गेलो आणि म्हणालो, मला तो सिनेमा आवाज बंद करून बघायचा आहे. त्यांनी भिंतीवर धोतर ताणलं आणि मशीन सुरू केलं. मी तो सिनेमा तोवर तीसेक वेळा दाखवला असेल. बघितला एकदाही नव्हता. बोलणारा माणूस पुढच्या शब्दावर नजर ठेवून असतो.

त्या दिवशी बघितला. मिठ्या दुकानाची काच फोडतो आणि एवढ्या सामानातून एक बाहुली उचलतो. नाकाशी नेतो, खाली ठेवतो. अंगणात दुधाची किटली उचलतो, ठेवतो. मांजर उचलतो, ठेवतो. लहान मुलीला उचलतो, तेव्हा मी आजवर 'आता हिला फाडणार' म्हणून ओरडत होतो, डावा हात वर करून किंकाळी मागत होतो. त्याने तिला ठेवताना आधी तिचे पाय जमिनीला टेकवले, मग हात काढला. मोठी वस्तू तो कुठेच उचलत नाही. मोठ्या माणसांना बाजूला सारतो फक्त.

निसारभाईंनी मशीन थांबवलं. "बाई बरोबर बोलली," ते म्हणाले. "भाषा न येता बोलली. आपण दोघं इतके दिवस काय बघत होतो?"

मी ठकूबाईंचा पत्ता काढत गेलो. कळंबच्या पुढे, कांद्याच्या मोकळ्या वावरात त्यांची मेंढरं खतासाठी बसवलेली होती, भोवती जाळी. बाई एका कोकराच्या पायाला औषध लावत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "धरा हे." मी कोकरू धरलं. ते लाथा मारत होतं, त्यामुळे माफी मागायला मनाजोगं उभंही राहता येईना.

"मावशी, माझं चुकलं. तुम्ही सांगितलं तेच खरं आहे. मी बघितलं काल."

त्यांनी फडकं बांधलं, गाठ मारली. "मला कशाला सांगताय? मी एकटी व्हते का तितं? ज्यांच्या म्होरं बोललात त्यांना सांगा."

"सांगतो. पण तुम्ही याल?"

"बगू. मेंढरं बसली तर यीन."

पुढचा खेळ कळंबलाच लावला. कार्यालय भरलं होतं, मागे माणसं उभी होती. मी माईक घेतला आणि सुरू करण्याआधी सांगितलं, की मागच्या वेळी मी एका जाणत्या बाईची चेष्टा केली, ती माझी चूक होती. मला ही भाषा येत नाही, आजवर जे सांगितलं ते मनाचं होतं. आज मी त्यांनी सांगितलेली गोष्ट सांगणार. मग पहिल्या रांगेत बघितलं. ठकूबाई आल्या होत्या. काठी मांडीवर आडवी.

मी तिला 'ती' म्हणायला सुरुवात केली, आणि राव, तोच सिनेमा, तीच फिल्म, पण आत दुसरंच काहीतरी चालू झालं. साखळ्या तोडून ती धावली तेव्हा मी बारी पुकारलीच, ती पुकारल्याशिवाय मला राहवलं नसतं. पण या वेळी पब्लिक पोलिसांच्या बाजूने नव्हतं. बाया उठून उभ्या राहिल्या होत्या. "पळ गं, पळ" म्हणत होत्या. बाहुली हुंगून ठेवली तेव्हा कुणीतरी जोरात श्वास घेतला. मुलीला उचललं तेव्हा मी हात वर केला नाही. निसारभाईंनी किंकाळी दिली नाही. ती मुलगी खाली ठेवेपर्यंत त्या कार्यालयात फक्त प्रोजेक्टरची टकटक ऐकू येत होती.

शेवटच्या रिळात ती चौकात उभी असते, एकटी. बंब आलेले असतात, पाइप जोडत असतात. पळायला वाट असते, तरी ती पळत नाही. या जागी माझ्याकडे कधीच शब्द नव्हते, काहीबाही बोलून वेळ काढायचो. त्या दिवशी मी माईक खाली केला, दोन पावलं पुढे गेलो आणि तो ठकूबाईंसमोर धरला.

त्यांनी हाताने माईक बाजूला सारला. मग उभ्या राहिल्या आणि जीभ टाळूला लावून चुकल्या मेंढीला बोलावतात तशी हाक घातली. "ट्रर्र, ट्रर्र, ये गं, ये, ये."

पडद्यावर तिने मान वळवली. आमच्याकडे.

ती तिथे मान वळवते, हे फिल्मवरच आहे. तीस वेळा तिथेच वळवलेली आहे. पण तिला कुणी हाक मारली म्हणून ती वळली, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. ती सरळ पहिल्या रांगेकडे बघत राहिली, मग पाणी आलं, आणि मीठ खांद्यांवरून खाली वाहू लागलं. पांढरं पाणी चौकातून गटाराकडे गेलं. रीळ संपलं, पडद्यावर नुसता उजेड राहिला. निसारभाई मशीन बंद करायचं विसरले.

ठकूबाई पदराने तोंड पुसत खाली बसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "आली असती. उशीर झाला."

मग मागून एका बाईचा आवाज आला, "भाऊ, एवढं शेवटचं परत लावता का?"

रीळ परत गुंडाळायला दहा-बारा मिनिटं लागतात. मी माईकवर ते सांगितलं. लोक म्हणाले, थांबतो. कुणी पाणी प्यायलाही बाहेर गेलं नाही. निसारभाई हाताने चाक फिरवत होते आणि कार्यालयात सगळीकडे कुजबुज चालली होती. धनगर बाया बाकीच्यांना हाक शिकवत होत्या. जीभ कुठे लावायची, श्वास कुठे सोडायचा. टोमॅटोचे व्यापारी शेवटच्या रांगेत होते. त्यांनी खुर्ची सरळ करून घेतली.

रीळ सुरू झालं. चौक आला, बंब आले, ती एकटी उभी राहिली. पहिल्या रांगेतून हाक गेली, आणि तिच्यामागे अख्खं कार्यालय उठलं. मेंढरं राखणारे, न राखणारे, कांदेवाले, शाळेचे मास्तर, प्रोजेक्टरमागून निसारभाई, सगळे एका तोंडाने ट्रर्र, ट्रर्र करत होते. पत्रे थरथरत होते. मी माईक खुर्चीवर ठेवला, चवड्यांवर उभा राहिलो आणि जेवढा घसा होता तेवढ्याने हाक मारली.

ती वळली.